अनुभव धागा: गावी राहून गेलेलं माणूस आणि घरात दडवलेली गोष्ट

फास्टलोकल

परवा सकाळच्या लोकलमध्ये आमच्या ग्रुपमधली एक बाई, वय पन्नासच्या आसपास, डब्यातली चकली पुढे करत म्हणाली की माझं जमलंय. कुणाशी विचारलं तर म्हणे गावचाच आहे, पंचवीस वर्षांपूर्वी याच्याशीच मोडलं होतं. घाटकोपर ते दादर अख्खा लेडीज डबा गप्प, हे आजवर फक्त ब्लॉकच्या अनाउन्समेंटला झालेलं आहे. मोडलं का होतं, तर म्हणाली तेव्हा जे कारण सांगितलं ते खोटंच होतं, खरं कारण त्याचे वडील गेल्यावर कळलं. आणि दादर आलं आणि ती उतरली. दोन दिवस झाले, ती रजेवर आहे आणि मला झोप नाही.

तर मुंबईत आपण निम्मे लोक कुठून ना कुठून आलेलो, आणि येताना काहीतरी तिकडे ठेवून आलेलो. कुणाचं परत जुळलं का? आणि मधे घरच्यांनी काय लपवलं होतं ते कसं बाहेर आलं? नावं लिहू नका. न जुळलेलंही चालेल.

भांडुपकरीण

माझं चिपळूण. लिहू की नको असं करत तीनदा पुसलंय.

1998 ला मी चोवीस, तोही तेवढाच, त्यांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान. आमची जात वेगळी. मी हिंमत करून त्याच्या घरी गेले तर त्याची आई ना ओरडली ना रडली, चहा दिला आणि म्हणाली, "बाळ, या घरात हे पुन्हा नको." तो "पुन्हा" मला तेव्हा ऐकू आला पण कळला नाही, वाटलं बोलायची पद्धत असेल. मग मी मुंबईत, लग्न, एक मुलगी, घटस्फोट, हे सगळं एका ओळीत लिहितेय कारण त्यात सांगण्यासारखं खरंच काही नाही.

जुलै 2021 चा पूर आठवतोय ना? वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली तेव्हा भावाचा फोनच लागेना, रेल्वे बंद, शेवटी ओळखीच्या एका टेम्पोतून पाण्याचे बॉक्स, चादरी आणि फिनेल घेऊन गेले. ज्यांनी तो गाळ पाहिलाय त्यांनाच कळेल. वास महिनाभर केसातून जात नाही. भावाचं घर उपसून झालं आणि शेजारच्या गल्लीत फावडं घेऊन गेले तर हा दुकानाच्या पायरीवर बसलेला, सगळे तागे चिखलाचे झालेले, मला बघून एवढंच म्हणाला की हँडग्लोव्हज आहेत का जास्तीचे.

संध्याकाळी वरच्या माळ्यावर आम्ही त्यांचे कागद सुकवत होतो, जमिनीवर पसरून त्यांच्यावर पंखा, लाइट आली की. त्यात एक जुनं रेशनकार्ड निघालं. 1976 चं. त्याच्या वडिलांचं नाव, आईचं, त्याचं वय वर्षे दोन, आणि मधे एक नाव, मुलगी, वय सतरा, त्याच्यावर लाल शाईची काट. हा आयुष्यभर स्वतःला घरातला थोरला समजत आलेला. कार्ड हातात धरून मला विचारतो, ही कोण?

वडिलांची पहिली बायको वारलेली, तिची ही मुलगी. 1977 मध्ये जातीबाहेरच्या मुलाबरोबर मुंबईला निघून गेली आणि वडिलांनी तिचं नाव टाकलं, म्हणजे अक्षरशः टाकलं, रेशनकार्डावरून पण. घरात तो विषय काढायचा नाही असा वडिलांचा हुकूम, आणि ते वारल्यावरही आईने तो पाळला. हा "पुन्हा" तिथला होता.

पत्ता शेजारच्या काकूंकडे निघाला, त्यांना दर दिवाळीला पत्र यायचं. विक्रोळी, कन्नमवार नगर. मी भांडुपला राहते हो, मधे फक्त कांजूर! किती वर्षं मी त्या मार्केटमधून भाजी आणली असेन.

त्याला एकट्याने जायचा धीर होईना, मला म्हणाला आधी तू जाशील का. मी गेले. दार उघडलं ती अगदी त्याच्या कपाळाची बाई, बासष्ट वर्षांची. मी चिपळूणहून असं म्हटलं तशी म्हणाली, "कोण गेलं?" चव्वेचाळीस वर्षांनी माहेरचं माणूस दारात आलं तर तिला एवढंच वाटलं की कुणीतरी गेल्याचं सांगायला आलेत.

कोणी गेलं नव्हतं. दिवाळीत तो तिला घेऊन गेला, मी मागे बॅगा उचलून. मला वाटत होतं आता रडारड होईल, पाया पडणं होईल. त्याची आई खुर्चीत बसलेली, हिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "केस किती पिकले गं तुझे." मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि तासभर बाहेर आल्या नाहीत.

आम्ही मागच्या वर्षी रजिस्टर लग्न केलं. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली 30 दिवस नोटीस लावतात, कुणाची हरकत असेल तर घ्या म्हणून, हा म्हणाला घेणारं उरलंय कोण. तीन साक्षीदार लागतात, पहिली सही वन्संची.

फास्टलोकल

मी ऑफिसमध्ये वाचतेय, साहेब विचारून गेले सर्दी झालीय का.

कडू_कारलं

सगळ्यांचं गोड चाललंय तर माझं घ्या. वाई. कॉलेजातला. वीस वर्षांनी रियुनियनला भेटला, मेणवलीच्या घाटावर दोन तास बोलत बसलो, मला वाटलं हेच ते. तेव्हा म्हणे त्याच्या घरी कर्ज होतं, दडवलेलं, म्हणून तो मागे हटला. मला किती कळवळा आला सांगू! मग तीन महिन्यांनी कळलं की कर्ज आताही आहे आणि तेव्हा नव्हतं. घरचं गुपित वगैरे काही नव्हतं, माणूसच तसा होता. मी ठाण्यात माझ्या वनबीएचकेमध्ये मजेत आहे. गुपित निघालं म्हणून माणूस आपोआप चांगला ठरत नाही, एवढं डोक्यात ठेवा बायांनो.

वडखळनाका

कारलंताई, पटलं. माझ्या केसमध्ये खोटं बोलणारा मीच होतो.

माझा मोठा भाऊ आजारी, स्किझोफ्रेनिया. लग्न ठरताना मुलीकडच्यांना सांगितलं की तो दुबईला असतो. तो होता ठाण्याला, अ‍ॅडमिट. आपल्याकडे "ठाण्याला पाठवा" म्हणून लोक विनोद करतात तेव्हा आमच्या घरात टीव्हीचा आवाज वाढायचा. आणि आईने ते दुबई इतकं मनावर घेतलं की दर सहा महिन्यांनी क्रॉफर्ड मार्केटमधून खजूर आणायची, पॅकिंग काढून डब्यात भरायची आणि बायकोला द्यायची, भाऊजींनी पाठवलेत म्हणून. चार वर्षं! बायको फोनवर थँक्यू म्हणायला मागायची तर आम्ही म्हणायचो तिकडे आता रात्र आहे. दुबई आपल्यापेक्षा दीड तासच मागे आहे.

मग एकदा हॉस्पिटलचा लँडलाइनवर फोन आला आणि तिने उचलला.

ती आजाराला घाबरली नव्हती, हे मला खूप उशिरा समजलं. ती म्हणाली मी चार वर्षं खजूर खाल्ले. बस, एवढंच. 2012 ला वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात संमतीने घटस्फोट, तेव्हा अर्ज केल्यावर सहा महिने थांबावंच लागायचं (ते 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने सैल केलं). त्या सहा महिन्यांत तिने एकदा जरी खडसावून विचारलं असतं तर मी सगळं बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो. बहुतेक नसतो बोललो.

वडील गेले. मी भावाला घेऊन आमच्या अलिबागकडच्या घरी आलो, काम लॅपटॉपवर होतं. पहिला महिना भयंकर, रात्री तो झोपत नसे आणि मला काही सुचत नसे, सरकारी टेलि-मानसचा 14416 नंबर मी तेव्हा इतक्यांदा फिरवलाय की पाठ झालाय. गोळ्या वेळेवर, झोप, नारळाला पाणी घालायचं ठरलेलं काम, हळूहळू बसला गडी. गावात मी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकलं, वाण्यापासून सगळ्यांना. दुबईचा कंटाळा आला होता.

ते तिच्या कानावर गेलं. एका रविवारी गेटवेवरून मांडव्याच्या लाँचने आली. भावाशी ओळख करून दिली, तो तिच्याकडे बघून म्हणाला, "मी दुबईला होतो म्हणे." ती इतकी हसली, इतकी हसली, आणि मग पडवीत बसून रडली. मी चहा ठेवायला आत गेलो, मला तेवढंच येतं.

दोन वर्षं ती दर रविवारी येते. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद, रो-रो असली तर ठीक नाहीतर एसटीने पनवेल, पेण, आणि मग वडखळला लागणारी रांग, म्हणून हा आयडी. वकिलाला विचारून ठेवलंय, आपल्याच घटस्फोटित बायकोशी पुन्हा लग्न करता येतं, फक्त नव्याने करावं लागतं. तिला अजून विचारलेलं नाही. भाऊ रोज विचारतो, विचारलंस का.

एकसष्टी

आमच्यात गुपित वगैरे काही नव्हते. मी भित्रा होतो. ती मालवणात, मी गिरगावात. आता दोघेही एकटे, रोज रात्री नऊला फोन करतो, आज जेवायला काय इथपासून. मुलांना सांगितलेले नाही, म्हणजे गुपित आता आहे असे म्हणायचे.

रात्रपाळी

माझे वडील लालबागला गिरणीत होते. आम्ही देवगडला, आई, मी, बहीण. वडील गणपतीला आणि शिमग्याला यायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तेव्हा गावचे बाकीचे बरेच जण परत आले. वडील आले नाहीत. म्हणाले वॉचमनची नोकरी मिळाली.

1993 ला मी मुंबईत कामाला लागलो होतो, गावची एक मुलगी होती, दोन वर्षांचं आमचं. घरी सांगितलं, आई खूश आणि वडील एकदम पेटले. का, तर काही नाही, ते घराणं नको. शांत माणूस, कधी हात न उगारलेला, त्याने ताट भिरकावलं. मी घाबरलो, मागे हटलो. तिचं लग्न झालं, मी केलंच नाही.

वडील 2009 ला गेले. नंतर गिरणी कामगारांच्या घरांसाठी वारस म्हणून कागद जमवायला बसलो, पास, तिकीट नंबर, पीएफचे कागद. पीएफच्या कागदावर नॉमिनीचं नाव आईचं नव्हतं.

ती बाई लालबागलाच खानावळ चालवायची. आमचं गिरणगाव या बायकांच्या हातचं जेवलंय, एका खोलीत वीस वीस गडी राहणार आणि जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशोबावर. प्रेमा पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. संपात पगार बंद तर हिशोब कुठला, तरी हिने जमेल तेवढ्यांना जेवू घातलं, वडील त्यातलेच एक. ते तिथेच राहिले. मुलगा आहे एक, माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. मला आधी राग आला, फार आला, मग त्या मुलाला भेटलो तर तो चालतो वडिलांसारखा. काय करणार.

आणि माझ्या लग्नाला विरोध का, तर त्या गावच्या मुलीचा मामा त्या खानावळीच्याच चाळीत राहायचा. सोयरीक झाली असती तर सगळं गावात कळलं असतं. एवढंच. घराणं वगैरे काही नाही.

गावी गेलो, कणकवलीला उतरून एसटीने. ती आता झेडपीच्या शाळेत बाई आहे, मिस्टर वारले. तिला सांगितलं तर म्हणाली मला माहीत होतं. तेव्हाच, 93 लाच, मामाने सांगितलं होतं. मी म्हटलं मग बोलली का नाहीस, तुझ्यावर आळ आला, घराणं वाईट म्हणाले. तर म्हणाली, "तुझे बाबा होते ना." तीस वर्षं या बाईने माझ्या बापाची अब्रू सांभाळली आणि मला वाटत होतं ती मला विसरली.

लग्न नाही केलं आम्ही. ती तिथे, मी लोअर परळला. सुट्टीत जातो.

भांडुपकरीण

दादा, आणि आईंना कळलं का? सांगितलंत तुम्ही?

रात्रपाळी

लिहिणार नव्हतो, पण विचारलंत म्हणून.

लहानपणापासून आमच्याकडून हापूसच्या दोन पेट्या लालबागला जायच्या, एसटीच्या पार्सलने. एक वडिलांच्या नावाने, एक खानावळीच्या नावाने. मी विचारायचो खानावळीला कशाला, तर आई म्हणायची त्या बाईकडे बाबा जेवतात. वडील गेल्यावर पहिली पेटी बंद झाली. दुसरी आई दर मेमध्ये पाठवत राहिली, मीच नेऊन टाकायचो स्टँडवर.

ते पीएफचे कागद घेऊन आईसमोर बसलो, तोंडातून शब्द फुटेना. ती पेंढ्यात आंबे लावत होती. वर न बघता म्हणाली, "माका सगळा ठावूक आसा रे. त्या पोराक पिकलेले आवडतत काय कच्चे, ता इचार."