नववीसाठी नमुना मतदान: ६२ मुलं, सलग तीन तास, कसं बसवायचं?

खानापूर_समाजविज्ञान

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातलं मराठी माध्यमाचं हायस्कूल. नववीच्या राज्यशास्त्रातला निवडणूक पद्धतीचा पाठ फळ्यावर शिकवला की मुलं व्याख्या पाठ करतात आणि ‘छाननी म्हणजे काय’ विचारलं की गप्प बसतात. म्हणून एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, ४० मिनिटांचे तीन तास जोडून नमुना मतदान घ्यायचं ठरवतोय. दोन तुकड्या मिळून ६२ मुलं. एक मोठी खोली, व्हरांडा, दोन पुठ्ठ्याचे खोके, झेरॉक्सची सोय आणि एक मोबाइल, एवढंच साहित्य आहे.

मोबाइलवरचं मतदान यंत्राचं ॲप वापरावं की कागदी मतपत्रिका? उमेदवार मुलांनाच करावं का? ६२ जणांचं मतदान एका तासात उरकतं का? आणि शाळा संसदेची निवडणूक होऊन गेली असताना हे वेगळं कशाला, असं मुख्याध्यापकांनी विचारलंय. त्यांना काय सांगू?

केंद्राध्यक्ष_गोकाक

सर, कागदच घ्या. ॲपवर बटण दाबलं, आवाज आला, संपलं. मुलांच्या हातात काहीच राहत नाही. कागदी मतपत्रिकेत दिलेल्या, वापरलेल्या, उरलेल्या आणि खराब झालेल्या प्रतींचा हिशेब लागतो, आणि तो जुळवणं हाच खरा धडा. शिवाय मुलांना हे परकं नाही. २०२० च्या ग्रामपंचायत निवडणुकीत बिदर जिल्हा सोडला तर आपल्या कर्नाटकात मतदान कागदावरच झालं होतं.

आता वेळेचं. यादीत नाव शोधणं, शाई आणि सही, मतपत्रिका देणं, आडोशात जाऊन शिक्का मारणं, असं एका मुलाला साधारण ७० सेकंद लागतात. एक बाहेर पडल्यावरच दुसऱ्याला आत घेतलं तर ६२ जणांना ७२ मिनिटं. तुमचे दोन तास त्यातच गेले. म्हणून यादीचे दोन भाग करा, ३१-३१ ची दोन केंद्रं मांडा, एक खोलीत आणि एक व्हरांड्यात. प्रत्येक टेबलावर एकेक मूल उभं राहील अशी रांग पुढे सरकू द्या. मग वेळ ठरते ती सगळ्यात सावकाश टेबलावर, म्हणजे शाई-सहीच्या. तिथे ३० सेकंद धरले तरी एक केंद्र सोळा-सतरा मिनिटांत मोकळं होतं.

एका केंद्राला आठ मुलं कामाला लागतात. एक केंद्राध्यक्ष, तीन मतदान अधिकारी, तीन उमेदवार प्रतिनिधी, एक रांगेवर. पहिला अधिकारी नाव मोठ्यानं वाचतो आणि यादीत लाल शाईनं नावाखाली रेघ ओढतो. मतदार स्त्री असेल तर रेघेबरोबर नावाच्या डाव्या बाजूला बरोबरची खूणही करायची. त्यामुळे दर दोन तासांनी स्त्री-पुरुष मतदानाचे आकडे यादीवरूनच मोजता येतात. ‘ही खूण कशाला’ हे आधी सांगू नका, नंतर विचारा. दुसरा अधिकारी शाई लावतो आणि सही घेतो. तिसरा मतपत्रिका देतो. नाव मोठ्यानं वाचायचं कारण प्रतिनिधींना ऐकू जावं आणि हरकत घेता यावी. मुलं इथे कुजबुजतात, मग प्रतिनिधी नुसते शोभेला बसतात.

मतपत्रिका: चार उमेदवार आणि नोटा, पाच रकाने. एका ए-फोर कागदावर चार बसतात, म्हणजे ६२ ला १६ कागद, वर एक जादा. डावीकडे दीड इंचाचा स्थळप्रत म्हणून भाग ठेवा. क्रमांक स्थळप्रतीवरही आणि मतपत्रिकेच्या मागेही. मागे केंद्राध्यक्षाची सही आणि केंद्राचा शिक्का. सह्या आधीच सगळ्या उरकून ठेवू नका. रांगेच्या वेगाप्रमाणे पाच-पाच करत जायला सांगा, म्हणजे घाईत एखादी सही राहील. ती राहावीच. मतमोजणीत तिच्यावरून भांडण होतं. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत तशी मतपत्रिका बाद होते, पण चूक केंद्राध्यक्षाची होती अशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची खात्री पटली तर बाद करता येत नाही. मतदाराचा दोष नसताना त्याचं मत का घालवायचं, यावर नववीची मुलं चांगली बोलतात.

मुख्याध्यापकांना सांगा, शाळा संसदेत कोण निवडून आलं हे महत्त्वाचं असतं, इथे कसं निवडलं ते.

शिक्का_मोर्तब

शिक्क्याबद्दल. मुलांना पेनानं बरोबरची खूण करायला लावतात, ते टाळा. आपल्या शिक्क्याची बाणफुली मुद्दाम एका दिशेनं फिरणारी असते. मतपत्रिका घडी केली की ओली शाई समोरच्या रकान्यावर उमटते. साधी फुली असती तर दोन ठिकाणी सारखीच खूण दिसून मत बाद झालं असतं. बाणफुलीचा ठसा उलटा उमटतो, त्यामुळे मूळ कुठली आणि छापा कुठला ते लगेच कळतं.

खोडरबरावर कोरा. नॉनडस्ट असेल तर ब्लेडनं कडा साफ निघतात. कोरताना आकृती उलटी घ्यायची, म्हणजे कागदावर सुलटी येईल. ब्लेड मुलांच्या हातात देऊ नका, कोरून तयार ठेवा. स्टॅम्पपॅड फार ओलं असेल तर कागद फुटतो, सत्तर जीएसएमच्या कागदावर जास्तच. आदल्या दिवशी दोन थेंबांवर शाई आणून ठेवा. उभी घडी आधी, मग आडवी. आडवी आधी घातली की एका उमेदवारासमोरची शाई थेट दुसऱ्याच्या रकान्यात जाते.

रामदुर्गच्या_बाई

उमेदवाराचं मी थोडं वेगळं सांगेन. नववीच्या मुलाला ६२ पैकी दोन मतं पडली तर ते आकडे त्याला वर्षभर चिकटतात, आणि नोटा एखाद्या मुलीच्या विरोधात गेला तर विचारूच नका. म्हणून उमेदवार ‘मुद्दे’ असू द्या. शाळेत आधी काय हवं: वाचनकोपरा, पाण्याच्या टाकीला झाकण आणि नळ, मुलींच्या स्वच्छतागृहाला दाराची दुरुस्ती, खेळाच्या मैदानाची आखणी. प्रत्येक मुद्द्याला एक प्रतिनिधी, तोच अर्ज भरतो, तोच दोन मिनिटं प्रचार करतो. हरला तर मुद्दा हरतो.

चिन्हं शिलाई मशीन, चिमटा, बॅट, टोपली अशी घ्या. कुठल्याही पक्षाच्या चिन्हाजवळ जाणारं नको. खरी आचारसंहिता चालू असेल तर तो शनिवार सोडूनच द्या.

आदल्या दिवशी एक तास छाननीला काढा. खोट्या नावांचे सहा अर्ज करून द्या आणि त्यातल्या तिघांत दोष पेरा. एकात विधानसभेच्या उमेदवाराचं वय २४. एकात सूचकाचं नाव मतदारयादीतच नाही. तिसऱ्यात गावाच्या नावात काना चुकलेला. मुलं तिन्ही नामंजूर करतात. मग लोकप्रतिनिधित्व कायद्याचं (१९५१) कलम ३६ वाचून दाखवायचं: भरीव स्वरूपाचा दोष नसेल तर अर्ज फेटाळता येत नाही. काना चुकलेला अर्ज वैध. वयाचाही गोंधळ असतो, लोकसभा-विधानसभेला २५, ग्रामपंचायतीला २१, आणि मत द्यायला १८. हे तिन्ही आकडे मुलं एकमेकांत मिसळतात.

ईव्हीएम_पण_हवं

केंद्राध्यक्षांशी निम्मा सहमत. मतदान कागदावर घ्या, पण विधानसभा-लोकसभेला ही मुलं यंत्रच बघणार आहेत. पहिल्या तासातली दहा मिनिटं मोबाइलच्या ॲपवर नुसतं अभिरूप मतदान (मॉक पोल, यंत्र तपासायचं चाचणी मतदान) दाखवा. खऱ्या मतदानाआधी ९० मिनिटं ते सुरू होतं, प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकतात, नोटासह प्रत्येक बटणावर किमान एक. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं, याच क्रमानं. व्हीव्हीपॅटमधल्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या) चिठ्ठ्या बाहेर काढून, मागे शिक्का मारून काळ्या पाकिटात बंद.

इथे क्लोज-रिझल्ट-क्लिअर मुद्दाम गाळा आणि पुढे चला. दहा मुलांना मत द्यायला लावा. नोंदवहीत दहा सह्या, यंत्रात साठ मतं. चूक कुठे झाली ते त्यांनीच शोधायचं. प्रत्यक्षातही अभिरूप मतदान पुसायचं राहून गेलं की असाच फरक पडतो, म्हणून ही पायरी प्रशिक्षणात घोकून घेतात. ॲपमध्ये एक त्रास असतो, मूल घाईनं दोनदा दाबतं आणि दोन मतं पडतात. खऱ्या यंत्रात तिसऱ्या अधिकाऱ्यानं बॅलट बटण दाबल्याशिवाय दुसरं मत पडतच नाही. हा फरक आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलं भलताच समज करून घरी जातात.

खानापूर_समाजविज्ञान

फार उपयोगी. कागद नक्की, मुद्देही नक्की. शाईला काय वापरू? आणि डिपॉझिटचं गणित मुलांना पटत नाही, ‘नुसतं भरलं की मिळतं परत’ असं वाटतं. शिवाय एका पालकांनी १९९६ च्या बेळगावच्या निवडणुकीचं विचारलं, ते वर्गात घ्यावं का?

घटप्रभा_काठ

शाई: खरी पक्की शाई म्हैसूरच्या म्हैसूर पेंट्स अँड वॉर्निशमध्ये बनते, आपल्याच राज्य सरकारची कंपनी, १९३७ ची. १९६२ पासून ती निवडणुकीत आहे. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते प्रयोगशाळेतून आणून मुलांच्या बोटाला लावायचं नाही, कातडी भाजते. साधा मार्कर घ्या, पण जागा तीच: डाव्या हाताची तर्जनी, नखाच्या टोकापासून पहिल्या पेराच्या मुळापर्यंत. पंधरा मिनिटांनी साबणानं धुवायला लावा. कातडीवरची बरीचशी जाते, नखाच्या कडेला राहते. नखावरून का ओढतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

डिपॉझिट: तुमचेच आकडे घ्या. समजा ६२ पैकी ६० जणांनी मत दिलं, २ मतपत्रिका बाद, ४ नोटा. वैध मतं ५४. नोटा वैध मतांत धरत नाहीत, इथे जवळजवळ सगळी मुलं चुकतात आणि ५८ ला भागतात. ५४ चा सहावा हिस्सा ९. ज्याला ९ मिळाली त्याचंही डिपॉझिट जातं, कारण सहाव्या हिश्शापेक्षा जास्त हवीत. १० मिळाली की परत. नोटा पहिल्या क्रमांकावर आला तर काय, हे विचारणारं एक तरी मूल निघतं. लोकसभा-विधानसभेला नोटानंतरचा, म्हणजे उमेदवारांत सर्वांत जास्त मतांचा निवडून येतो.

१९९६ जरूर घ्या, पण गणित म्हणून. सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधायला मराठी भाषकांनी मोठ्या संख्येनं अर्ज भरले आणि बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे राहिले. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० होते, हेही सांगा, म्हणजे विषय एकट्या बेळगावचा राहत नाही. आता फळ्यावर मांडा. तेव्हा डिपॉझिट ५०० रुपये. सगळ्यांनी पूर्ण भरलं धरून ४५६ जणांचे २ लाख २८ हजार. त्याच वर्षी कायदा बदलून ते १०,००० केलं आणि मान्यताप्राप्त पक्षाचा नसलेल्या उमेदवाराला एकाऐवजी दहा सूचक लागू केले. आज २५,००० आहे, म्हणजे तेवढेच उमेदवार उभे राहायचे तर १ कोटी १४ लाख. (अनुसूचित जाती-जमातींना निम्मं, ते सोडून.)

पुढचा प्रश्न: एका बॅलट युनिटवर १६ बटणं, एका नियंत्रण युनिटला जास्तीत जास्त २४ बॅलट युनिट जोडता येतात. ४५६ आणि नोटा मिळून बसतात का? २४ गुणिले १६ म्हणजे ३८४. बसत नाहीत, कागदावर यावं लागतं. १९९६ ला मतदान कागदावरच होतं. डिपॉझिट वाढवणं योग्य की अयोग्य यावर दोन्ही बाजूंनी बोलू द्या. निकाल तुम्ही देऊ नका. वर्गात कन्नड घरातली, उर्दू घरातलीही मुलं असतात, सगळ्यांना बोलता येईल एवढीच मर्यादा ठेवा.

केंद्राध्यक्ष_गोकाक

एक राहिलं. चार मुलांना गुपचूप कार्डं द्या, त्यांनी केंद्रावर अडचण उभी करायची. पहिलं: ‘तुझ्या नावावर कुणीतरी आधीच मत देऊन गेलंय.’ ओळख पटली तर त्याला प्रदत्त मतपत्रिका, मागे तसं लिहून, खोक्यात न टाकता वेगळ्या पाकिटात. मोजणीत ती येत नाही. दुसरं: प्रतिनिधी मतदाराच्या ओळखीवर हरकत घेतो. हरकतीची फी दोन रुपये, आधी भरायची, हरकत खोटी ठरली तर जप्त. (दोन रुपये ऐकून मुलं हसतात, हसू द्या.) तिसरं: मूल आडोशातून मतपत्रिका सगळ्यांना दाखवत बाहेर येतं. गुप्ततेचा भंग, मतपत्रिका परत घेऊन रद्द. चौथं: सही केली, मग मत द्यायचंच नाही म्हणालं. शेऱ्याच्या रकान्यात नोंद, त्यापुढे पुन्हा सही, जबरदस्ती नाही.

ही चार कार्डं पडली की शेवटचा हिशेब सरळ जुळत नाही. सह्या ३१, खोक्यात २९, असं काहीतरी येतं. तिसरा तास मोजणीला कमी आणि या दोनांचा पत्ता लावायला जास्त द्या. दोन्ही केंद्रांनी मिळालेल्या, दिलेल्या, रद्द, प्रदत्त आणि उरलेल्या प्रतींचं पत्रक भरून प्रतिनिधींना द्यायचं, त्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या. त्याशिवाय खोका उघडायचा नाही. गुण द्यायचे तर या पत्रकावर द्या, एफएच्या, म्हणजे आकारिक मूल्यमापनाच्या, कृतीत बसतं.

खानापूर_समाजविज्ञान

शेवटचं विचारतो. मुद्दे चारच, मतदार ६०. दोघांना समान मतं पडली तर?

रामदुर्गच्या_बाई

आधी फेरमोजणी, प्रतिनिधीनं लेखी मागितली तर. तरीही समान राहिली तर फेरमतदान नसतं, निवडणूक निर्णय अधिकारी चिठ्ठी काढतो आणि ज्याचं नाव निघेल त्याला एक मत जादा मिळालं असं धरतात. दोन्ही चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या, सारख्या घड्या, आणि काढण्याआधी दोन्ही प्रतिनिधींना उघडून दाखवायच्या. एका मताची किंमत सांगायची तर २००४ ची संतेमरहळ्ळी विधानसभा आहेच, ४०,७५२ विरुद्ध ४०,७५१. पत्रकात मात्र १९ आणि १९ असंच लिहायचं, चिठ्ठीचा निकाल खाली वेगळ्या ओळीत. मुलं घाईनं २० लिहून मोकळी होतात आणि बेरीज ६१ येते.