बेळगावच्या उद्यमबागेतल्या आरटीसाठी आपत्कालीन पेटी: आयोडीनच्या गोळ्या ठेवायच्या का?

कास्टिंग_उद्यमबाग
व्हॉल्व्ह कास्टिंगचं आरटी (रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी आतले दोष तपासणं) आमच्याकडे रात्रपाळीत बाहेरची एजन्सी करते. इरिडियम-192 चा किरणोत्सारी सोर्स, नवा भरला की साधारण 30 क्युरी (किरणोत्साराचं माप). आपत्कालीन आराखडा नव्यानं लिहायला घेतलाय. मॅनेजमेंटचं म्हणणं, प्रथमोपचार पेटीत पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या ठेवा, म्हणजे झालं. मला ते पटत नाही, पण नेमकं कारण सांगता येत नाही. दुसरं म्हणजे पिगटेल (टोकाला सोर्स असलेली आखूड तार) सुटून पडला आणि एखाद्या हेल्परनं तो उचलला, तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं? स्टेम सेलनं रेडिएशनची जखम भरते असंही वाचलं. त्यात तथ्य किती?

आरएसओ_मच्छे
गोळ्यांचा मुद्दा आधी निकालात काढू. पोटॅशियम आयोडाइड फक्त थायरॉइडला वाचवतं, तेही रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन श्वासातून किंवा दुधातून शरीरात जाण्याचा धोका असेल तेव्हा. कैगासारख्या अणुवीज केंद्राच्या आराखड्यात त्या गोळ्यांना जागा आहे. तुमचा इरिडियम सीलबंद कॅप्सूलमध्ये असतो. त्यातून गॅमा किरण बाहेर पडतात, पोटात काहीच जात नाही. इथं ती गोळी म्हणजे विंचू चावल्यावर डोळ्यात थेंब घालणं.

आता हिशेब बघा. 30 क्युरीचा सोर्स एक मीटरवर तासाला साधारण 140 मिलिसिव्हर्ट देतो. कामगाराची वर्षाची सरासरी मर्यादा 20 मिलिसिव्हर्ट, म्हणजे ती आठ-नऊ मिनिटांत संपली. अंतर शंभरपट कमी झालं की मात्रा दहा हजारपट वाढते. म्हणून एक सेंटिमीटरवर सेकंदाला 0.4 ग्रेच्या आसपास (ग्रे म्हणजे शरीरात शोषलेली मात्रा; गॅमासाठी 1 ग्रे म्हणजे 1000 मिलिसिव्हर्ट धरा), आणि अर्ध्या मिनिटात बोटाला 12 ग्रे. त्याच वेळी दहा सेंटिमीटर लांब असलेल्या मनगटाला त्याचा शंभरावा भागच मिळतो. छातीवरच्या टीएलडी बॅजवर (अंगावरची मात्रा मोजणारा बिल्ला) तर त्या मानानं फारच थोडं दिसेल. बॅजचा आकडा कमी आला म्हणून माणसाला घरी पाठवणं, ही नेहमीची चूक.

सोर्सचा अर्धायुकाल 74 दिवस आहे. मात्रा काढताना लेबलवरचा आकडा न धरता त्या तारखेची अॅक्टिव्हिटी काढा. पिगटेल सुटतो तो बहुतेक वेळा झिजलेल्या कनेक्टरमुळं किंवा ड्राइव्ह केबल (सोर्स पुढं-मागं सरकवणारी) नीट न अडकवल्यामुळं. हँडल पूर्ण फिरतं, ऑपरेटरला वाटतं सोर्स आत आला, प्रत्यक्षात तो गाइड ट्यूबमध्येच (सोर्स ज्यातून बाहेर जातो त्या नळीतच) राहतो. हँडल किती फिरलं त्यावर विसंबायचं नाही. सर्व्हे मीटर (किरण मोजणारं यंत्र) चालू ठेवून कॅमेऱ्यापाशी (सोर्स ठेवायच्या कवचाच्या पेटीपाशी) जायचं आणि गाइड ट्यूब टोकापर्यंत तपासायची. मीटर न लावता ट्यूब काढायला गेलेल्या माणसाच्या हातातच सोर्स येतो.

टिळकवाडी_ओपीडी
वैद्यकीय बाजू मी लिहितो.

सगळ्यात आधी रेफरलच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहा: ‘सीलबंद गॅमा सोर्स, रुग्णाच्या अंगावर दूषितीकरण नाही, सर्व्हे मीटरनं तपासलं.’ अर्थात खरंच तपासून. नाहीतर कॅज्युअल्टीत हात लावायला कोणी पुढं येत नाही आणि तास-दोन तास वाया जातात. गॅमा किरण लागलेला माणूस स्वतः किरण फेकत नाही, हे दारावरच सांगावं लागतं.

घड्याळ बघून उलटीची वेळ लिहा. पूर्ण शरीराला 2 ते 4 ग्रे मिळाले असतील तर उलटी सहसा एक-दोन तासांत येते. 4 ग्रेच्या वर गेलं की तासाच्या आतच. सीबीसी डिफरन्शियलसह (रक्तपेशींची प्रकारवार मोजणी) पहिले दोन-तीन दिवस दर सहा-आठ तासांनी करा. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) किती वेगानं घसरतात ते बघायचं. एका रिपोर्टला अर्थ नाही.

क्रोमोसोमच्या तपासणीसाठी (डायसेंट्रिक, म्हणजे किरणांनी बिघडलेले क्रोमोसोम मोजून मात्रा काढणं) रक्त हिरव्या टोपणाच्या हेपरिन ट्यूबमध्ये घ्या. जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब चालत नाही, कारण ती कॅल्शियम बांधून ठेवते आणि पेशी कल्चरमध्ये वाढत नाहीत. घटनेनंतर 24 तास थांबा आणि रक्त चढवण्याआधी नमुना घ्या. बर्फात ठेवू नका, खोलीच्या तापमानाला ठेवा. दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचलं पाहिजे. बेळगावहून मुंबई रात्रभराचा रस्ता आहे, म्हणजे जमण्यासारखं आहे. विमानानं पाठवलंत तर डब्यावर ‘एक्स-रे करू नये’ अशी चिठ्ठी लावा. स्कॅनरखालून गेलेल्या नमुन्यावर नंतर शंका निघते. पोचल्यावर कल्चरलाच 48 तास लागतात.

पण नुसतं बोट भाजलं असेल तर उलटी नाही, सीबीसी ठीक, डायसेंट्रिकही जवळजवळ नॉर्मल, आणि तरीही ते बोट जाऊ शकतं. पहिल्या काही तासांत लाली येते आणि मावळते. सगळे निवांत होतात. खरी लाली दोन-तीन आठवड्यांनी येते. 15 ते 20 ग्रेच्या वर पाणी सुटून कातडी निघते, 25 च्या वर मांस मरायला लागतं. तोवर ‘किडा चावला’ म्हणून मलम लावून झालेलं असतं. म्हणून पहिल्या दिवसापासून शेजारी पट्टी ठेवून, त्याच उजेडात रोज फोटो काढा. सोर्स कुठल्या बोटांत, किती सेकंद, कुठल्या खिशात, हे त्याच रात्री डमी पिगटेल हातात देऊन करून दाखवायला सांगा आणि सेकंद मोजा. पुढची सगळी मात्रा त्यावरच काढतात.

अणुवैद्यक_वाचक
औषधांबद्दल दोन शब्द. अमेरिकेच्या एफडीएनं (औषध नियामक) पूर्ण शरीराच्या आजारासाठी, म्हणजे अस्थिमज्जा कोलमडते त्यासाठी, 2015 मध्ये फिलग्रास्टिम आणि पेगफिलग्रास्टिम, 2018 मध्ये सारग्रामोस्टिम आणि 2021 मध्ये रोमिप्लोस्टिम मान्य केलं. माणसांना मुद्दाम किरण देऊन चाचणी घेता येत नाही, म्हणून परिणामाचा पुरावा प्राण्यांवरचा आहे. फिलग्रास्टिमचा तर ऱ्हीसस माकडांवरचा. फिलग्रास्टिम कॅन्सर विभागात रोजच्या वापरातलं आहे, ते मिळायला अडचण नाही. मात्रा 10 मायक्रोग्रॅम प्रतिकिलो रोज, 2 ग्रेच्या वर शंका असेल तर लवकरात लवकर. भाजलेल्या बोटावर मात्र याचा उपयोग नाही. प्रशियन ब्लू सीझियम आणि थॅलियमसाठी, डीटीपीए प्लुटोनियमसारख्यांसाठी. दोन्ही शरीरात गेलेल्या द्रव्यावर चालतात, तुमच्या पेटीत नकोत.

आता स्टेम सेल. डिसेंबर 2005 मध्ये चिलीत एका बांधकाम कामगारानं इरिडियमचा सोर्स उचलून पँटच्या मागच्या खिशात ठेवला. फ्रान्समधल्या क्लामारच्या पर्सी रुग्णालयात त्याच्यावर जे उपचार झाले त्यातून ही पद्धत पुढं आली. आधी मात्रेचा नकाशा काढला आणि साधारण 20 ग्रेच्या वरचा भाग मांस मरायची वाट न पाहता कापून काढला. मग त्वचारोपण, आणि सोबत त्याच्याच अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मेसेन्कायमल पेशींची (स्टेम सेलचाच प्रकार) इंजेक्शनं. या पेशी नवी कातडी बनत नाहीत. त्या सोडतात त्या द्रव्यांनी दाह कमी होतो, रक्तवाहिन्या सावरतात, वेदना उतरते.

नुसतं ग्राफ्ट (त्वचारोपण) का फसतं ते यातूनच कळतं. वरून बरी दिसणारी जखमेची बैठक आतून मरत चाललेली असते. महिन्या-दोन महिन्यांनी कड सुटते आणि पुन्हा कापावं लागतं. अर्थात हा अनुभव मोजक्या रुग्णांचा आहे, मोठी तुलनात्मक चाचणी नाही. इंटरनेटवर ‘स्टेम सेल पॅकेज’ विकणाऱ्यांचा याच्याशी काही संबंध नाही.

कास्टिंग_उद्यमबाग
गोळ्यांचा विषय बंद, उद्याच सांगतो. हायपरबेरिक ऑक्सिजनचं (दाबाखालच्या खोलीत ऑक्सिजन देणं) काय?

अणुवैद्यक_वाचक
त्याचा पुरावा रेडिओथेरपीनंतरच्या उशिरा येणाऱ्या त्रासाचा आहे. मूत्राशयाच्या दाहासाठी 2019 च्या रिच-आर्ट चाचणीत फायदा दिसला. किरण दिलेल्या जबड्यातला दात काढताना तो संरक्षण देतो का, हे बघणाऱ्या होपॉन चाचणीत त्याच वर्षी फायदा दिसला नाही. उशिरा कडक होणाऱ्या कातडीसाठी पेंटॉक्सिफायलिन 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि व्हिटॅमिन ई वापरतात, पण निदान सहा महिने, आणि तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली. दोन्ही पुढच्या गोष्टी, पहिल्या आठवड्यातल्या नव्हेत.

आरएसओ_मच्छे
पेटीत काय ठेवायचं तर लांब दांड्याचा चिमटा, शिशाचं भांडं, कॅलिब्रेशन चालू असलेला सर्व्हे मीटर, चार हिरव्या ट्यूब, स्टॉपवॉच आणि डमी पिगटेल. चिमटा आणि भांडं प्रशिक्षित माणसासाठीच. बाकीच्यांनी दोरी बांधून लांब थांबायचं. आणि सूचनाफलक कन्नड-इंग्रजीत आहे तो राहू दे, त्याखाली मराठीतही लिहा: ‘जमिनीवर पडलेली चकचकीत तार किंवा तुकडा उचलू नका.’ रात्रपाळीचे निम्मे हेल्पर खानापूरकडचे, मराठी शाळेतले. वर खऱ्या आकाराचा पिगटेलचा फोटोही चिकटवा.