स्टिल्ट पार्किंगने पूर टळेल, पण भूकंपाचं काय?

अकोटाकर_४७
नमस्कार मंडळी, आमची बडोद्याच्या अकोट्यातली जुनी तीन मजली सोसायटी रिडेव्हलपमेंटला जातेय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी ३७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी २६ फूट), तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत छातीभर पाणी होतं, मीटर बुडाले, मोटर बुडाली, म्हणजे खाली सगळं पाणीच पाणी आणि वर नळाला थेंब नाही. आता बिल्डर म्हणतो खाली नुसते कॉलम (स्टिल्ट), पूर्ण पार्किंग, वर सात मजले, पुराचं टेन्शन संपलं. सगळे खूश. फक्त आमचे एक काका अडून बसलेत की २००१ ला अहमदाबादला अशाच बिल्डिंगी बसल्या होत्या. खरंय का हे? की उगाच घाबरवतायत?

कॉलमबीम
काका बरोबर बोलतायत. २६ जानेवारी २००१ चा भूकंप कच्छमधला, अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून लांब, तरी तिथे ज्या आरसीसी (सळई-काँक्रीटच्या) बिल्डिंगी पडल्या त्यात खाली मोकळं पार्किंगवाल्या खूप होत्या. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती असतात म्हणून ते एकसंध, ताठ राहतात, खाली भिंतच नाही, त्यामुळे जी काय हालचाल व्हायची ती सगळी त्या एका मजल्याच्या कॉलमवर येते आणि ते वरून-खालून मोडतात. चार काठ्यांवर ठेवलेली पेटी हलवून बघा, पेटीला काही होत नाही, काठ्याच मोडतात. आणि २०१६ च्या भूकंप-नकाशात बडोदा अहमदाबादसारखंच झोन ३ मध्ये (मध्यम धोका) धरलं होतं हे लक्षात ठेवा.

पोळवाला_बडोदेकर
अहो पण बडोद्यात कधी भूकंप झालाय? पूर दर दोन-चार वर्षांनी येतो, आधी त्याचं बघा ना.

कॉलमबीम
@पोळवाला १९७० ला भरूचला झाला होता, ते आपल्यापासून किती लांब? शिवाय नदीकाठची माती भुसभुशीत गाळाची, कडक जमिनीपेक्षा तिथे हादरा वाढतो. अहमदाबादलाही साबरमतीच्या जुन्या पात्राच्या गाळावर जास्त पडझड झाली. पण स्टिल्ट नको असं मी म्हणतच नाहीये, पुरासाठी ते चांगलंच आहे. नीट करून घ्या एवढंच.

तर हे विचारा. एक, पायापासून वरपर्यंत दोन्ही दिशांना आरसीसीच्या भिंती (शिअर वॉल) आहेत का. आयएस १८९३ (भूकंपासाठी बांधकामाचं भारतीय मानक) च्या २००२ च्या आवृत्तीत मोकळ्या मजल्याचे कॉलम अडीचपट जोरासाठी डिझाईन करा असा पर्याय होता, २०१६ मध्ये शिअर वॉल किंवा ब्रेसिंगवर (तिरक्या आधारांवर) भर आला. लिफ्टची भिंतच शिअर वॉल म्हणून धरली असेल तर ती कुठे आहे बघा, एका कोपऱ्यात असेल तर बिल्डिंग पिळवटते. दुसरं, कॉलमच्या सळ्यांभोवतीच्या रिंगांचे हूक १३५ अंशात आत वळवलेले हवेत, ९० चे चालत नाहीत, हादऱ्यात उघडतात. स्लॅबच्या आधी साईटवर जाऊन फोटो काढा, मिस्त्री चिडला तर चिडू दे.

मांडवीची_सुनबाई
हे सगळं नुसत्या गणितावर नाहीये हां. कोबेच्या १९९५ च्या भूकंपानंतर जपानने मिकी शहरात ई-डिफेन्स नावाचं भलंमोठं टेबल बांधलं, २० बाय १५ मीटरचं, त्याच्यावर खरी बिल्डिंग चढवून हलवतात आणि मोडते कशी ते बघतात. आमच्या चिरंजीवांना व्हिडिओ दाखवला तर आता रोज डायनिंग टेबल हलवतायत 😅

पण दादा, बिल्डिंगसोबत माणसांचंही बघा. आमच्याकडे पुरात लाईट गेली आणि लिफ्ट बंद, सहाव्या मजल्यावरच्या आजींना रोजचं इन्सुलिन लागतं हे शेजाऱ्यांनाच माहीत नव्हतं! नंतर आम्ही मजल्यावार यादी केली, कोण आजारी, कोण एकटं, कोणाकडे गॅसची जादा बाटली, आणि टेरेसच्या टाकीत पाणी भरून ठेवायची जबाबदारी कोणाची. एक पैसा खर्च नाही.

कॉलमबीम
+१. आणि मीटरपॅनल पहिल्या मजल्यावर घ्या, खाली ठेवलं तर पुन्हा तेच. जनरेटरचंही तसंच. वीज कंपनीची परवानगी आधी काढावी लागते, ते बिल्डरवर सोडू नका.

अकोटाकर_४७
धन्यवाद सगळ्यांना. ड्रॉइंगमध्ये लिफ्ट मागच्या कोपऱ्यात आहे, आत्ताच बघितलं. सॉईल रिपोर्ट तर कोणी मागितलेलाच नाही. रविवारच्या मीटिंगला काकांना बाजूला बसवतो आणि बाहेरचा एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर बघायला बोलवू, फी सोसायटी देईल, चौदा घरांत वाटली तर माणशी फार नाही पडणार. बडोद्यात असं काम करणारं कोणी माहीत असेल तर मेसेज करा.