मदत हवी आहे: डबलमध्ये दुसऱ्या उडीला घोडी थांबते (शो-जंपिंग, ९० सेंमी, नागपूर)

धंतोलीकर:
थरोब्रेड घोडी, रेसमधून आलेली, वय ९. सुट्ट्या अडथळ्यांवर ९० सेंमी आरामात काढते. डबलमध्ये (लागोपाठच्या दोन उड्या) मात्र पहिला व्हर्टिकल (सरळ उभा अडथळा) घेते आणि दुसऱ्या उडीला, म्हणजे ऑक्सरला (पुढे-मागे पोल असलेला रुंद अडथळा) थांबते. थांबली नाही तर ऑक्सरचा पुढचा पोल पाडते. मधलं अंतर ७.३ मीटर, एक स्ट्राइड (दौडीतला चारही पायांचा एक फेरा). चाबूक दाखवला की आणखी बिघडतं. डिसेंबरात ९० सेंमी गटात उतरायचं आहे. नेमकं काय तपासू?

रिकीब:
ताई, चाबूक आधी बाजूला ठेवा. दुसऱ्या उडीचं दुखणं बहुतेक वेळा पहिल्या उडीच्या आधीच्या वळणात असतं.

७.३ मीटर म्हणजे २४ फूट. ६ फूट उतरायला, १२ फुटांची एक स्ट्राइड, ६ फूट उडी घ्यायला. कँटर (मध्यम दौड) जिवंत असेल तरच हा हिशेब जुळतो. वळणात कँटर मेला की घोडी पहिल्यावरून ४ फुटांवरच उतरते, पुढची स्ट्राइड १० फुटांची पडते आणि ऑक्सर ४ फूट लांब राहतो. अशा वेळी एक तर ती थांबते, नाही तर सपाट होऊन झेप घेते आणि पुढचा पोल घेऊन जाते. तुमच्याकडे दोन्ही होतंय, पण मूळ एकच.

अंतर कमी करून प्रश्न झाकू नका. आधी जमिनीवर दोन पोल टाका, मध्ये १६.५ मीटर. नेहमीच्या कँटरमध्ये ४ स्ट्राइड बसतील. मग त्यातच ५ बसवा, परत ४. मोठ्यानं मोजा. रेसची घोडी पाय लावला की वेग वाढवते, स्ट्राइड तीच राहते; आपल्याला हवी आहे मागच्या पायांतून येणारी ताकद. ५ बसवताना तोंड वर करून ओढाओढ झाली, तर डबल लावायची वेळ अजून आली नाही असं समजा.

ते जमलं की ग्रिड, म्हणजे ठरावीक अंतरावर ओळीनं लावलेल्या उड्या. ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) यायचं: जमिनीवर एक पोल, २.७ मीटरवर क्रॉस (फुलीसारखे दोन तिरपे पोल), तिथून ५.५ मीटरवर व्हर्टिकल, पुढे ६.४ मीटरवर ऑक्सर. ट्रॉटमधून येताना झेप लहान असते, म्हणून ही अंतरं ७.३ पेक्षा कमी. सुरुवात ६० सेंमीनं. ऑक्सरचा मागचा पोल पुढच्यापेक्षा स्टँडवर एक भोक वर, रुंदी उंचीपेक्षा कमी. पायथ्याचा पोल २०-३० सेंमी तुमच्या बाजूला ओढा. तो पुढच्या पोलच्या मागे गेला की घोड्याचा अंदाज फसतो. मागच्या पोलला सेफ्टी कपच (धक्का लागताच पोल सोडणारे आधार) हवेत, यात काटकसर नको.

काळी_माती:
रिकीबभाऊंचं बरोबर, पण त्याआधी दुखतंय का ते बघा ना राजेहो! सुट्टी उडी घेते आणि लागोपाठची नाकारते, म्हणजे उतरल्याबरोबर पुन्हा जोर लावायला ती कचरते. पाठ किंवा मागचे सांधे असू शकतात. खोगीर काढल्यावर घामाचा डाग पाहा: ओल्या डागात मध्येच कोरडा ठिपका असेल तर तिथे खोगीर टोचतंय. मग बोटांनी कण्याच्या दोन्ही बाजू दाबत जा. पाठ खाली घालते का, कान मागे टाकते का. कडक जमिनीवर सईसाला सरळ ट्रॉट करवायला सांगा आणि डावीकडे-उजवीकडे दोन्ही बाजूंनी गोल फिरवून पाहा. शंका आली तर पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सलाच आहे, दाखवून घ्या.

नाल ५-६ आठवड्यांनी बदला. पाऊस सरला तरी आपली काळी माती आतून ओली असते. पुढचा खूर रुतून उशिरा सुटला की मागचा त्यावर पडतो आणि नाल उपटून निघतो. बेल बूट (पुढच्या खुरावरचं घंटेसारखं रबरी आवरण) घाला. हीच माती वाळली की दगड होते, त्यावर उड्या नकोच.

धंतोलीकर:
खोगीर तपासते. कधीकधी मागचा पोलही मागच्या पायांनी पडतो. ते काय? आणि बिट (तोंडातला लगामाचा तुकडा) कडक करू का?

रिकीब:
मागचा पोल मागच्या पायांनी पडतो तो बहुतेक वेळा स्वार हवेत असतानाच बसतो म्हणून. वजन पाठीवर आलं की ती मागचं अंग खाली टाकते. जमिनीला पाय लागेपर्यंत टू-पॉइंट (खोगिरावरून उठून पुढे झुकलेली बैठक) सोडू नका, हात मानेवरून पुढे जाऊ द्या. बिट नको. थांबणाऱ्या घोडीला कडक बिट म्हणजे ‘थांब’ हेच पुन्हा सांगणं.

तर्रीपोहे:
स्पर्धेपुरतं थोडं. कोर्स (अडथळ्यांचा मार्ग) स्पर्धेआधी पायी चालताना ३ फुटांची पावलं टाका: २ उतरायला, २ उडी घ्यायला, मधली चार-चार म्हणजे एकेक स्ट्राइड. वीस पावलं भरली तर चार स्ट्राइड. डबलकडे येणारं वळण दोनदा चाला, नुसतं अंतर मोजून निघू नका.

ऑक्सरला थांबली तर दोन्ही उड्या पहिल्यापासून घ्याव्या लागतात. थांबताना पोल पाडला तर घंटा होईपर्यंत वाट पाहायची. वेळेत ६ सेकंद वाढतात. पहिल्या नकाराला ४ पेनल्टी. एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघ) नियमात दुसऱ्या नकाराला बाद, पण लहान गटांत आयोजकांचा नियम वेगळा असू शकतो, आधी विचारून घ्या. सुरुवातीची घंटा झाल्यावर ४५ सेकंद असतात. घाई करू नका, त्या वेळात कँटर जागा करा.

वॉर्म-अपला आठ-दहा उड्या पुरेत: दोन क्रॉस, तीन-चार व्हर्टिकल, बाकी ऑक्सर. लाल झेंडा उजवीकडे, पांढरा डावीकडे, तिथेही उलट्या बाजूनं उडी चालत नाही. आणि डिसेंबरात सकाळी गारठा असतो, आधी पंधरा मिनिटं नुसतं चालवा.