फायररेड : रॉक टनेलमध्ये काळोख आणि बॅगेत ढीगभर सामान, काय वापरू काय विकू?

चहाबिस्किट :
पोकेमॉन फायररेड (पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून लढवायचा गेम) पहिल्यांदाच खेळतोय. लेफ्टनंट सर्ज या बॉसला हरवून त्याचा बॅज घेतला, रूट १० वरून रॉक टनेलमध्ये शिरलो तर आत मिट्ट काळोख, आपल्याभोवती एवढुसं गोल दिसतं, बाकी भिंत कुठे ट्रेनर (लढायला येणारी माणसं) कुठे काही पत्ता नाही आणि दर चार पावलांवर झुबॅट हे जंगली वटवाघूळ. उजेड पाडणारी फ्लॅश ही मूव्ह (पोकेमॉनला शिकवायची चाल) लागते म्हणतात, पण ती मागे जाऊन आणू का असंच चाचपडत पलीकडचं लॅव्हेंडर गाव गाठू?
दुसरं म्हणजे माउंट मूनपासून जे जे सापडलं ते सगळं तसंच जपून ठेवलंय. मून स्टोन, स्टार पीस, नगेट, रेअर कँडी, टायनी मशरूम, एस्केप रोप. टीममध्ये चारमेलियन, निडोरिनो, क्लेफेअरी, ऑडिश आणि डिगलेट. मून स्टोनने काही पोकेमॉन विकसित होतात, तो नक्की कोणाला द्यायचा? एकदा वापरला की गेला म्हणून हातच धजत नाही.

गुहाभटक्या :
फ्लॅश आणच भावा. वाट सांगतो, रूट ९ वरून परत सेरुलियन, मग भुयारी रस्त्याने व्हर्मिलियन, तिथून बाहेर पडलं की रूट ११ च्या तोंडाशीच डिगलेटची गुहा आहे, तू डिगलेट पकडलायस म्हणजे बघितली असशीलच. ती सरळ पार केली की रूट २ ला निघतोस, तिथली झाडं कट या मूव्हने तोडत खाली ये, एका इमारतीत प्रोफेसर ओकचा असिस्टंट उभा असतो. पोकेडेक्समध्ये (पोकेमॉनच्या नोंदवहीत) १० जाती पकडलेल्या असल्या की तो एचएम ०५ देतो, त्यानेच फ्लॅश शिकवता येतो. विकसित झालेला पोकेमॉन वेगळा धरतात, त्यामुळे निडोरान आणि निडोरिनो मिळून दोन झाले, १० चा आकडा सहज भरेल. पहिला बॉस ब्रॉक, त्याचा बॅज असला की गुहेत फ्लॅश वापरता येतो, तो तुझ्याकडे आहेच.
आणि मी एवढा आग्रह का करतोय तर टनेलच्या खालच्या मजल्यावर एक माणूस रॉक स्लाइड ही मूव्ह शिकवतो, एकदाच, फुकट. अंधारात तो सापडणं कठीण, शिवाय जमिनीवर पडलेल्या वस्तूही राहून जातात. गुहा म्हणजे नुसता पलीकडे जायचा रस्ता नाही हो, कोपरा न् कोपरा बघावा, त्यासाठीच तर तिला एवढे फाटे दिलेत.

रात्रपाळी :
फ्लॅशशिवायही पार होतं, गेम कुठेच अडवत नाही. झुबॅटचा त्रास नको असेल तर रिपेल घे, व्हर्मिलियनच्या मार्टमध्ये ३५० ला मिळतो, १०० पावलं चालतो. फक्त तो कसा चालतो ते बघ, टीममध्ये जो सगळ्यात पुढे उभा आहे त्याच्यापेक्षा कमी लेव्हलचे जंगली पोकेमॉन समोर येत नाहीत. म्हणजे चारमेलियन विशीच्या पुढे असेल तर त्याला पुढे ठेव, इथले जंगली बरेच खाली आहेत. पण ट्रेनरवर रिपेल चालत नाही हे लक्षात ठेव, आणि इथे हायकर लोक जिओड्यूड आणि ऑनिक्स घेऊन बसलेत, त्यांच्यासमोर चारमेलियन टिकणार नाही. तिथे गवत प्रकारचा ऑडिश काढ, ते दोघे एकाच वेळी दगड आणि जमीन अशा दोन्ही प्रकारांचे असतात, म्हणून त्यांना गवताचा मार चौपट बसतो.
एस्केप रोप मात्र विकू नकोस. अडकलास, सगळे अर्धमेले झाले, की रोप वापर, ज्या तोंडाने आत आलास तिथेच बाहेर पडतोस आणि रूट १० वर तर पोकेमॉन सेंटर अगदी दाराशी आहे. फक्त लढाई चालू असताना तो चालत नाही.

मशरूमवाली :
वस्तूंचं मी सांगते. वस्तू उगाच साठवून ठेवू नये या मताची मी आहे, पण सगळ्यांना एकच नियम लावून चालत नाही. नगेट आणि स्टार पीस बिनधास्त विक, या गेममध्ये त्यांचा विकण्यापलीकडे काहीच उपयोग नाही, नगेटचे ५००० आणि स्टार पीसचे ४९०० येतात, एवढ्यात सुपर पोशन आणि रिपेलची सोय होते आणि सध्या तुला त्याचीच गरज आहे.
टायनी मशरूम मात्र ठेव!! दुकानदार जेमतेम २५० देतो आणि लोक कचरा समजून विकून टाकतात, पण पुढे टू आयलंडवर एक म्हातारा विसरलेली मूव्ह परत शिकवतो, त्याचा मोबदला दोन टायनी मशरूम किंवा एक बिग मशरूम. तेव्हा हेच शोधत फिरायला लागतं.
रेअर कँडी आत्ता नको, कमी लेव्हलला दोन लढायांत लेव्हल वाढते, ५० च्या पुढे एका लेव्हलसाठी घाम निघतो, तेव्हा खा. ईथर, एलिक्झर (मूव्ह वापरायची ताकद परत भरणारी औषधं) मिळाले तर तेही एलिट फोर म्हणजे शेवटच्या चार बॉससाठी ठेव, मार्टमध्ये मिळत नाहीत. रिव्हाइव्ह, अँटिडोट वगैरे तर विकत मिळतात, ती वापरायला कसली भीती.
मून स्टोन निडोरिनोला दे, डोळे झाकून, त्याचा निडोकिंग होतो. सर्ज झाल्यावर लगेच निडोकिंग हाताशी असणं म्हणजे अर्धा गेम सोपा, सर्फ, थंडरबोल्ट, आइस बीम, काहीही शिकवा, शिकतो. क्लेफेअरीला घाई नाही, क्लेफेबल झाली की लेव्हलवर नवीन मूव्ह शिकणं जवळपास थांबतं, म्हणून तिला आधी जे शिकायचंय ते शिकू दे. मून स्टोन पुढच्या सेलाडन शहराच्या दुकानात मिळत नाही, तिथे फायर, वॉटर, थंडर आणि लीफ एवढेच असतात, पण त्याच शहराच्या रॉकेट हाइडआउटमध्ये (रॉकेट टोळीच्या अड्ड्यात) एक पडलेला सापडतो, तो तिला दे.

चहाबिस्किट :
भारी, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. निडोकिंग केला पण! ५००० साठी नगेट विकताना जरा वाईट वाटलं पण ठीक. आता फ्लॅश आणायला निघतोय, पण तो शिकवू कोणाला? एचएम नंतर पुसता येत नाही म्हणे.

गुहाभटक्या :
ऑडिशला शिकव, तो कट आणि फ्लॅश दोन्ही शिकतो, म्हणजे दुसऱ्या कोणाची जागा वाया जात नाही. पुसायचा असेल तर फ्युशियामध्ये मूव्ह डिलीटर आहे, तोवर राहू दे. आणि गुहेतून बाहेर पडून परत आत गेलास तर फ्लॅश पुन्हा मारावा लागतो, नाहीतर तुला वाटेल की तो काम करत नाही. जाता जाता आणखी एक, ३० जाती झाल्या की रूट ११ च्या शेवटी गेटच्या वरच्या मजल्यावर ओकच्या दुसऱ्या असिस्टंटकडून आयटमफाइंडर घे, मग माउंट मूनमध्ये न दिसणाऱ्या वस्तू पण सापडतील.

मशरूमवाली :
हो, आणि तिथल्या मधल्या मजल्यावर जमिनीत लपलेले मशरूम उचलले तरी काही काळाने परत येतात. म्हणजे म्हाताऱ्याची चिंता मिटली.