'एलिट'ला मराठीत काय म्हणायचं?

खाऊगल्ली: एका लेखाचं भाषांतर करतेय, वेगवेगळ्या देशांतल्या पोलिटिकल आणि ब्युरोक्रॅटिक एलिटची तुलना आहे. 'अभिजन' लिहिलं की मला मैफलीतली पहिली रांगच दिसते, मंत्री न् सेक्रेटरी काही दिसत नाहीत. सुचवा ना.

विरारफास्ट: उच्चभ्रू?

खाऊगल्ली: अहो उच्चभ्रू म्हणजे पाली हिल!

चर्चगेटस्लो: ताई, सगळ्या देशांना एकच शब्द लावायचा हट्ट सोडा, ही मंडळी सगळीकडे वेगळ्या दारातून आत येतात. फ्रान्सनं १९४५ मध्ये एना नावाची शाळा काढली ती सरकारी अधिकारी घडवायला, पण तिथून निघालेले जिस्कार देस्तँ, शिराक, ओलांद, माक्राँ थेट राष्ट्राध्यक्ष झाले, म्हणजे तिकडे अधिकारी न् पुढारी एकाच शाळेतले, आणि लोकांचा राग एवढा की यलो व्हेस्टवाल्यांच्या आंदोलनानंतर माक्राँनीच ती बंद करायचं ठरवलं, २०२२ पासून तिच्या जागी दुसरी संस्था आली (नाव बदलून किती फरक पडतो ते सोडा). ब्रिटनमध्ये मंत्री येतात जातात, सेक्रेटरी तिथेच. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बदलला की चारेक हजार जागांवर नवी राजकीय नेमणूक होऊ शकते, वकील, बँकवाले, प्रोफेसर कोणीही येतं, त्यांना 'नोकरशहा' कसं म्हणणार, चार वर्षांनी परत आपल्या धंद्यात.

विरारफास्ट: ब्रिटनमधल्या त्या बड्या सेक्रेटरींना मँडरिन म्हणतात ना, तो आपलाच 'मंत्री' आहे बरं का. संस्कृतातून मलय भाषेत, तिथून पोर्तुगीजांकडे, त्यांनी चीनच्या अधिकाऱ्यांना लावला. आपला मंत्री लंडनला जाऊन सेक्रेटरी झाला 😄

चर्चगेटस्लो: आणि आपल्याकडे उलटं, शंकरराव चव्हाणांच्या काळात सचिवालयाचं मंत्रालय झालं.

खाऊगल्ली: ते ठीक, पण भारताच्या परिच्छेदात काय लिहू?

चर्चगेटस्लो: दोन शब्द लिहा. अधिकाऱ्यांना 'सनदी अधिकारी', कंपनी सरकारशी करार करून आलेल्या नोकरांपासूनचा शब्द आहे, पण आयएएस वगैरेंनाच हं, तलाठ्याला सनदी लिहू नका. पुढाऱ्यांना 'प्रस्थापित'. आपल्या राज्यात तर चपखल, साखर कारखाना, जिल्हा बँक, कॉलेज, मग आमदारकी, हा जिना फ्रान्सवाल्याला समजावून सांगायलाच एक दिवस जाईल.

सायनसर्कल: प्रस्थापितला माझा सक्त विरोध. ती आता शिवी झालीय, निवडणुकीत जो तो दुसऱ्याला प्रस्थापित म्हणतो, स्वतःला कोणी म्हणवून घेत नाही. तुलना करणाऱ्या लेखात शब्द तटस्थ पाहिजे. 'सत्ताधारी'ही चालणार नाही, विरोधी बाकावरचे घराणेदार नेते एलिटच असतात की. 'सत्तावर्तुळ' घ्या, त्यात दोघं बसतात.

चर्चगेटस्लो: वर्तुळ म्हटलं की माणूस दिसत नाही. 'सत्तावर्तुळानं परीक्षा दिली' असं लिहिणार का?

सायनसर्कल: तिथे 'सत्तावर्तुळातले' लिहा, एवढं काय.

खाऊगल्ली: मथळ्यात सत्तावर्तुळ, आत सनदी अधिकारी, हे पटलं. आता शेवटचं, जपानमधलं अमाकुदारी, शब्दशः स्वर्गातून उतरणं. वरिष्ठ अधिकारी रिटायर झाला की ज्या धंद्यावर त्याच्या खात्याची देखरेख होती तिथेच मोठ्या खुर्चीवर.

विरारफास्ट: पुनर्वसन!

सायनसर्कल: पुनर्वसन पडलेल्या उमेदवाराचं होतं, महामंडळ देऊन. हे खासगी कंपनीतही जातात. 'सोय लावणं' म्हणा.