नफा विक्रमी, बोनस कमी, किंमत जास्त: हे गणित बसतं कसं?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. मी एका सॉफ्टवेअर प्रॉडक्ट कंपनीत इंजिनियर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही.

मागच्या टाउनहॉलमध्ये (सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत) आमच्या सीएफओंनी, म्हणजे वित्तप्रमुखांनी, आलेख दाखवला: आजवरचा सगळ्यात मोठा नफा. टाळ्या झाल्या. त्याच आठवड्यात बोनसची पत्रं आली. माझं रेटिंग टीममध्ये वरचं, वैयक्तिक गुणक १.१. पण त्याखालच्या ओळीत 'कंपनी गुणक ०.६'. म्हणजे ठरलेल्या रकमेच्या दोन-तृतीयांशच हातात. वर ग्राहकांना ईमेल गेली की पुढच्या रिन्युअलपासून दर वाढणार, कारण 'आमच्या माणसांमध्ये केलेली गुंतवणूक'.

मी मॅनेजरना विचारलं, तर म्हणाले, "तुमचे पगार वाढले की किंमत वाढवावीच लागते, पैसा येणार कुठून?" हे मनाला लागलं. सपोर्टच्या तिकिटांत एका छोट्या शाळेने लिहिलं होतं की आता त्यांना निम्मी लायसन्सं सोडावी लागतील. प्रॉडक्टचा तो भाग मी लिहिलेला आहे. आम्ही जास्त मागितलं की भुर्दंड खरंच त्या शाळेला बसतो का? आणि विक्रमी नफ्याच्या वर्षी ०.६ येतो कुठून? जाणकारांनी कृपया सांगावं.

उंबरठा

तुमच्या मॅनेजरांचं वाक्य मी अनेक मीटिंगांत ऐकलंय आणि दरवेळी माझा जीव तुटतो, म्हणून सविस्तर लिहिते. मी आधी कोड लिहायचे, आता बरीच वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत किंमत ठरवणाऱ्या टीममध्ये आहे.

दर वाढवायचा असतो तेव्हा आमच्यासमोर एक शीट उघडी असते. स्पर्धक काय घेतात, मागच्या रिन्युअलला कोणाला किती सूट दिली, गेल्या वेळी दर वाढवल्यावर किती ग्राहक गेले, आणि दुसरीकडे जायचं तर ग्राहकाला डेटा हलवायला, माणसं शिकवायला किती त्रास पडेल. सगळ्यात जास्त वेळ जातो तो या शेवटच्या रकान्यावर. इंजिनियरांच्या पगाराचा रकाना त्यात मी कधीच पाहिला नाही. पगार आठवतात ते ग्राहकाला पाठवायच्या ईमेलचा मसुदा करताना, कारण 'खर्च वाढला' म्हटलं की लोक समजून घेतात. तुमच्या शाळेला दर वाढवून मिळाला, कारण तिची सगळी माहिती तुमच्या प्रॉडक्टमध्ये अडकली आहे आणि वर्षाच्या मध्यात ती हलवणं तिला परवडत नाही. तुम्ही काही मागितलंत म्हणून नव्हे. हे ओझं तुम्ही मनावर घेऊ नका.

एकदा लिहिलेला कोड दहा हजार ग्राहकांना विकला काय किंवा अकरा हजारांना, तो लिहिणाऱ्याचा पगार तेवढाच असतो. हार्डवेअरमध्ये प्रत्येक नगाला खर्च आहे, पण तिथेही आकडे बघा. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची विक्री सुमारे १३०.५ अब्ज डॉलर, निव्वळ नफा सुमारे ७२.९ अब्ज, आणि संशोधन-विकासाचा सगळा खर्च सुमारे १२.९ अब्ज. या खर्चात पगाराशिवायही बरंच काही येतं. तरी तो अख्खाच्या अख्खा दुप्पट झाला असं धरलं, तरी कंपनी प्रचंड नफ्यातच राहते आणि चिपचा दर एका डॉलरनेही वाढवायची गरज पडत नाही. दर ठरतो तो ग्राहक रांगेत उभे असतात आणि तसा माल दुसरीकडे मिळत नाही म्हणून.

उलट बाजूही तपासा. मे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने पगारदार कर्मचाऱ्यांना कळवलं की यंदा पगारवाढ नाही. त्या जूनला संपलेल्या वर्षाचा निव्वळ नफा ७२ अब्ज डॉलरच्या वर होता. जुलैत त्यांनी ऑफिसमधल्या कोपायलट या एआय मदतनिसाचा दर जाहीर केला: माणशी महिना ३० डॉलर, मूळ वर्गणीच्या वर. पगार गोठले म्हणून ग्राहकाला काही स्वस्त मिळालं नाही. आणि पगार आणि दर एकाच महिन्यात वाढले, असंही घडलंय. फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतली प्राइमची वर्गणी ११९ वरून १३९ डॉलर केली आणि त्याच महिन्यात ऑफिसातल्या मूळ पगाराची कमाल मर्यादा १,६०,००० वरून ३,५०,००० डॉलरवर नेली. तुमचे मॅनेजर हेच उदाहरण देतील. पण मर्यादा वाढली ती बाकीच्या कंपन्या माणसं ओढून नेत होत्या म्हणून, आणि वर्गणी वाढली ती लोक तरीही प्राइम सोडणार नाहीत म्हणून. दोन वेगळे बाजार, दोन वेगळे निर्णय.

आता तुमचा ०.६. बोनसचं सूत्र साधारण असं असतं: मूळ पगार × ठरलेला टक्का × वैयक्तिक गुणक × कंपनी गुणक. ठरलेला टक्का १५ धरला, तर १५ × १.१ × ०.६, म्हणजे ९.९ टक्के. यातला कंपनी गुणक नफ्यावरून निघतो असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक ठिकाणी तो निघतो योजनेवरून. वर्षाच्या सुरुवातीला संचालक मंडळ म्हणतं, विक्री ३० टक्क्यांनी वाढवू. वाढली २२ टक्क्यांनी. नफा आजवरचा सर्वोच्च, पण योजना चुकली, म्हणून ०.६. सीएफओंचा आलेखही खरा आणि तुमचं पत्रही खरं. मला खटकतं ते हे की योजना ठरवणारे आणि गुणक ठरवणारे तेच, आणि इंजिनियरला ती योजना वर्षाच्या शेवटी कळते.

गॅलियम

उंबरठाताईंशी सहमत. मी मेमरी चिपच्या क्षेत्रात आहे, तिथलं थोडं सांगतो.

किंमत खर्चावरून ठरते असं ज्यांना वाटतं त्यांनी २०२३ बघावं. मेमरीचे भाव इतके पडले की एसके हायनिक्स या कोरियन मेमरी कंपनीला त्या वर्षी सुमारे ७.७ लाख कोटी वॉनचा ऑपरेटिंग तोटा (व्याज-कर धरण्याआधीचा, मूळ धंद्यातला) झाला. इंजिनियर तेच, फॅब (चिपचे कारखाने) तेच, पण बाजाराने खर्चसुद्धा दिला नाही. २०२४ मध्ये ऑपरेटिंग नफा सुमारे २३.५ लाख कोटी वॉन. एका वर्षात इंजिनियरांचे पगार काही एवढे हलले नव्हते.

बोनसच्या सूत्रावर तिथे मोठा झगडा झाला. २०२१ च्या सुरुवातीला एका तरुण कर्मचाऱ्याने थेट सीईओंना मेल करून विचारलं की आमचा नफ्यातला वाटा नेमका कसा काढता? तेव्हा तो भांडवलाचा खर्च वजा करून उरणाऱ्या 'आर्थिक मूल्यवर्धना'वर ठरायचा, आणि तो आकडा बाहेरून कोणालाच पडताळता यायचा नाही. गदारोळ एवढा झाला की समूहाच्या अध्यक्षांनी त्या कंपनीकडून मिळालेला स्वतःचा पगार परत करतो असं जाहीर केलं. त्यानंतर आधार बदलून ऑपरेटिंग नफा केला गेला. सप्टेंबर २०२५ च्या करारात मूळ वेतनाच्या १००० टक्क्यांची कमाल मर्यादाही गेली. आता ऑपरेटिंग नफ्याचा १० टक्के हिस्सा कर्मचाऱ्यांचा: ८० टक्के रक्कम त्याच वर्षी, उरलेली पुढच्या दोन वर्षांत १०-१० टक्क्यांनी. ऑपरेटिंग नफा दर तिमाहीला छापून येतो, त्यामुळे कॅन्टीनमध्ये बसलेला माणूसही हिशेब करू शकतो. सॅमसंगमध्ये २०२४ चा संप पेटला त्यात बोनसचं न कळणारं सूत्र हा एक मोठा मुद्दा होता.

साधाहिशेब

थोडा वेगळा सूर लावतो. बोनसवर एवढा जीव का टाकायचा? बोनस ही कंपनीच्या हातातली दोरी आहे, हवी तेव्हा आखडता येते. मूळ पगार एकदा वाढला की सहसा खाली येत नाही, पुढच्या नोकरीतली बोलणीही त्यावरूनच होतात. मी तर म्हणेन बोनस विसरा, बेसिक मागा.

दुसरं, शेअर धरल्याशिवाय हे चित्र अपुरं आहे. ॲपलच्या २०२४ च्या आर्थिक वर्षात कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा खर्च सुमारे ११.७ अब्ज डॉलर होता. माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांचं खरं उत्पन्न व्हेस्टिंगच्या दिवशी, म्हणजे कबूल केलेले शेअर प्रत्यक्ष नावावर होतात तेव्हा, होतं.

उंबरठा

@साधाहिशेब, बेसिकचा मुद्दा पटतो. पण त्याच वर्षी ॲपलने स्वतःचे शेअर परत घ्यायला सुमारे ९५ अब्ज डॉलर घातले, तेही शेजारी ठेवा. भागधारकाला काय द्यायचं हे मंडळ जाहीरपणे ठरवतं. इंजिनियरला काय द्यायचं हे ठरतं ते त्याला दुसरीकडे कोण किती देतंय यावरून. नफ्याचा पगाराशी संबंध तेवढाच: देण्याची ऐपत असते, पण कोणी भाग पाडल्याशिवाय हात खिशात जात नाही.

याचा पुरावा कोर्टाच्या कागदांत आहे. ॲपल, गूगल, इंटेल, अडोबी या कंपन्यांमध्ये एकमेकांच्या माणसांना नोकरी देऊ करायला फोन करायचा नाही असे छुपे समझोते होते. अमेरिकेच्या न्याय खात्याने सप्टेंबर २०१० मध्ये ते बंद पाडले. पुढे सुमारे ६४,००० कर्मचाऱ्यांच्या दाव्यात या चौघांनी मिळून ४१.५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, २०१५ मध्ये न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. एवढ्या श्रीमंत कंपन्यांनासुद्धा पगार रोखण्यासाठी कोणता रस्ता धरावासा वाटला, बघा: नुसता फोन थांबवायचा. नोव्हेंबर २०१० मध्ये फेसबुक माणसं पळवत होतं, तेव्हा गूगलने सगळ्यांना किमान १० टक्के पगारवाढ जाहीर केली.

म्हणून अर्धविराम, बाहेरची एखादी मुलाखत देऊन या, जायचं नसलं तरी. आपला भाव काय हे कळल्यावर बोलताना आवाज बदलतो. आमच्याकडच्या कितीतरी हुशार मुली हे करत नाहीत आणि त्यांच्याहून कमी काम करणारा पुढे निघून जातो, हे मी पगाराच्या शीटमध्ये पाहिलंय आणि फार वाईट वाटतं.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळेबद्दलची टोचणी बरीच कमी झाली. पुढच्या टाउनहॉलमध्ये प्रश्न विचारायचं ठरवलंय. नेमकं काय विचारू? 'बोनस कमी का' म्हटलं की 'बाजाराची परिस्थिती' असं उत्तर येतं.

उंबरठा

तक्रार मांडू नका, आकडा मागा, आणि शक्यतो लेखी. कंपनी गुणक कोणत्या मोजमापावर आहे, विक्रीवर, वाढीवर की ऑपरेटिंग नफ्यावर? योजनेचा आकडा वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांना सांगणार का? सूत्रातून आलेला गुणक मंडळाला आपल्या मर्जीने बदलता येतो का, आणि यंदा बदलला का? शेवटच्या प्रश्नावर सीएफओ कायदा विभागाशी बोलून कळवतो म्हणाले, तर तेच मिनिट्समध्ये लिहून घ्या.

शाळेचंही एक करता येईल. आमच्याकडे शिक्षणसंस्थांसाठी वेगळा दर असतो, पण तो मागणाऱ्यालाच मिळतो, वेबसाइटवर लिहिलेला नसतो. तुमच्या विक्री विभागात कोणी ओळखीचं असेल तर त्या तिकिटाचा नंबर आज त्यांच्याकडे पोचवा, रिन्युअलची तारीख उलटायच्या आत.